तेलवाल्या नबीलालचे गेटवरचे बारा दिवस

नबीलालच्या रागाच्या गोष्टी मुरुमात पुष्कळ दिवस सांगितल्या जात, आणि सांगणारे त्या मिटक्या मारत सांगत. विशीत असताना लोहाराच्या भट्टीवर मालकानं बापावरून शिवी हासडली, तर ह्यानं लालभडक सांडशी त्याच्या पायापाशी आपटली आणि सरळ घर गाठलं. पुढं एका खाजगी मोटारीवर क्लीनर झाला. मालकानं उतारूंच्या देखत कान धरायला सांगितला. नबीलालनं डोक्यावरची खाकी टोपी काढून रस्त्यावर भिरकावली, भरली मोटार उमरग्याच्या नाक्यावर सोडली आणि बारा-तेरा मैल पायी तुडवत गावात आला. ताठ मानेनं आला, हे सांगणारे आवर्जून सांगत. त्या ताठ मानेपायी घरात पुढचे चार-सहा महिने काय शिजलं, हे मात्र कुणी सांगत नसे. ते त्याच्या बायकोला, शरिफाबीला माहीत होतं, आणि ती ह्या गोष्टींना कधी हसली नाही.

निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्या वर्षी नबीलाल गावाबाहेरच्या जिनमध्ये लागला. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांची तिथं एक लांब रांग होती आणि त्या रांगेखालून एक लोखंडी दांडा फिरायचा. त्याला सगळे शाफ्ट म्हणत. इंजिन शाफ्ट फिरवायचं, शाफ्ट पट्टे फिरवायचा आणि पट्ट्यांवर वरची यंत्रं चालायची. शाफ्ट जिथं जिथं टेकलेला होता, तिथल्या बेअरिंगांना रोज तेल घालणं हे नबीलालचं काम. त्यासाठी यंत्रांच्या खालच्या गल्लीत वाकून उतरावं लागे. गल्ली अंधारी, अरुंद आणि रुईच्या भुशानं भरलेली. शाफ्ट फिरत असताना तिथं सदऱ्याचं टोक जरी पट्ट्यात गेलं, तरी माणूस शिल्लक राहत नाही. म्हणून दुपारी बाराला इंजिन बंद व्हायचं, भोंगा व्हायचा, आणि पुढच्या अर्ध्या तासात नबीलाल तेलाची बुधली घेऊन ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन यायचा.

इंजिन आणि भोंगा दोन्ही ज्ञानोबाच्या हातात. ज्ञानोबा तेर गावचा, पण बायकोच्या गावी मुरुमला येऊन राहिलेला. अंगानं थोराड आणि मनानं इतका भित्रा की मॅनेजरच्या खोलीवरून जातानाही तो पायताण हातात घेई. नबीलालचं त्याच्याशी जमलं ते कसं, हे एक कोडंच. नऊ वर्षं दोघं एका फडक्यावर भाकरी खात आले होते.

अठ्ठावन्न सालच्या हंगामात जिनला नवा मॅनेजर आला. ईरण्णा त्याचं नाव. मालक सोलापूरला राहायचे, त्यामुळं इथं तोच राजा. मनगटाला घड्याळ, पायात बूट, आणि कापसाच्या गाड्यांची रांग सडकेपर्यंत गेलेली बघून सारखी कपाळाला आठी. मार्गशीर्षात त्यानं हुकूम काढला: बाराचा थांबा बंद. बायका आळीपाळीनं जेवतील, इंजिन थांबणार नाही.

पहिल्याच दिवशी नबीलाल त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. "सायेब, सात नंबरचं बेअरिंग तापायलंय. अर्धा घंटा द्या, तेल घालून येतो."

"चालू शाफ्टमध्ये जाऊन घाल."

"चालू शाफ्टखाली मानूस जात न्हाय, सायेब."

"मग तुझी गरज काय इथं?"

नबीलालनं त्या दिवशी राग गिळला. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा सांगितलं, ह्या वेळी ज्ञानोबाच्या देखत, इंजिनाच्या खोलीत. ईरण्णानं हातातल्या कागदावरून नजरसुद्धा वर केली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला खालच्या गल्लीतून धूर आला, आणि कुणी ओरडेपर्यंत सात नंबरच्या यंत्राखालच्या भुशानं पेट घेतला होता.

आग विझली. बायकांनी पोटच्या पोरासारखा कापूस ओढून बाहेर काढला, पुरुषांनी वाळू आणि पाणी मारलं, आणि सर्वांत आधी गल्लीत उडी घेतली ती नबीलालनं. इंजिन बंद झालं होतं म्हणून तो वाचला. कुणाचा जीव गेला नाही. पण तीन यंत्रं काळीठिक्कर पडली आणि मालकांना तार गेली. आता तारेनंतर मालक विचारणार, आग का लागली? ईरण्णाला उत्तर हवं होतं, आणि ते त्याच्या स्वतःच्या हुकुमापर्यंत पोचता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर तो स्वतः खुर्ची टाकून बसला. जिनमध्ये प्रत्येकाला नंबर घातलेला पितळेचा बिल्ला होता. तो दाखवला की आत जाता यायचं. नबीलालचा नंबर एकतीस.

"बिल्ला टाक इथं," ईरण्णा बोटानं जमीन दाखवत म्हणाला, "आणि चालता हो. जिनला आग लावणारा माणूस मला नको."

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. नबीलालचा हात छातीवरच्या बिल्ल्याकडं गेला. आता हा बिल्ला ईरण्णाच्या तोंडावर बसणार, ह्याची सगळ्यांना खात्री होती. काहींना तर त्याची घाई झाली होती. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याचं कोपर असं काही दाबलं की हात जागच्या जागी राहिला.

"लेखी मागा," कानाशी आवाज आला.

तो बलभीम होता, रुईचे गठ्ठे बांधणारा. वयानं पन्नाशीचा. पंधरा वर्षं सोलापूरच्या गिरणीत काढून, छातीत खोकला घेऊन तो गावी परत आला होता. संप, युनियन, साहेबाची दारं, सगळं त्यानं बघितलेलं. एरवी तो फारसा बोलत नसे.

"लेखी द्या, सायेब," नबीलाल म्हणाला. 

ईरण्णा हसला. "लेखी? तुला वाचता येतं?"

"माजा गुन्हा काय त्ये कागदावर लिवून द्या."

"मिळेल, मिळेल. तोवर बाहेर उभा राहा."

दुपारी बलभीमनं त्याला गेटच्या भिंतीकडं नेलं. तिथं एक फळी होती. तिच्यावर नियमांचे छापील कागद चिकटवलेले होते, एक इंग्रजीत, एक मराठीत. नऊ वर्षांत त्या फळीचा उपयोग एकच झाला होता, बायका तिच्या खिळ्यांना भाकरीची फडकी अडकवत. बलभीमनं फडकी बाजूला सारली आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. आरोप लेखी द्यायचा. त्याला उत्तर द्यायला सवड द्यायची. चौकशी करायची, आणि चौकशीत कामगाराला आपल्यातला एक माणूस मदतीला घेता येतो. त्याशिवाय काढता येत नाही.

"मग ह्यो मला काढूच शकत न्हाय की," नबीलाल म्हणाला.

"थांबा. हितं बी वाचा." बलभीमचं बोट खाली सरकलं. "धा दिस न कळवता गैरहजर, तर नाव कमी. आनि सोताच्या हातानं बिल्ला दिला तर इचारायलाच नको. गेला आपल्या मर्जीनं. त्यो तुमाला काढनार न्हाय, नबीलाल. तुमच्याच हातानं तुमाला काढायला लावनार. तुमचा राग त्याला कुनीतरी सांगितलाय."

हे खरं होतं, आणि म्हणूनच ते नबीलालच्या जिव्हारी लागलं. नुसतं काम गेलं तर दुसऱ्या जिनमध्ये बघता आलं असतं. पण आग लावणारा तेलवाला म्हणून नाव झालं, की लातूरपासून सोलापूरपर्यंत एकही जिन त्याला दारात उभं करणार नव्हती. बेचाळिसाव्या वर्षी त्याला दुसरं कुठलं काम येत होतं?

संध्याकाळी शरिफाबीनं सगळं ऐकून घेतलं.  तिनं त्याचा सदरा काढून घेतला, बिल्ला आतल्या बाजूला ठेवला आणि गोधडीच्या जाड दोऱ्यानं कापडाला शिवून टाकला. चांगले चाळीसेक टाके घातले.

"ह्ये काय?"

"फेकायचा आसंल तर सदरा फाडून फेका," शरिफाबी म्हणाली. "तेवढा वकूत तरी लागंल. तेवढ्यात माजं तोंड आठवंल."

दुसऱ्या दिवसापासून नबीलाल सकाळच्या भोंग्याला गेटवर हजर राहू लागला. श्रीमंत नावाचा पहारेकरी बिचारा खालमानेनं म्हणायचा, "नबीभाई, आत सोडायचा हुकूम न्हाय." नबीलाल म्हणायचा, "बरं." आणि गेटच्या बाहेर, बाभळीखाली, संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत बसून राहायचा. पण बसून राहिल्याचा पुरावा काय? उद्या श्रीमंत म्हणाला, मी बघितलं नाही, तर? तोही पगारी माणूस. बलभीमनं तोड काढली. रोज एक कार्ड मॅनेजरच्या नावानं टाकायचं. मी आज कामावर हजर झालो, मला आत घेतलं नाही. आणि कार्ड टाकल्याची शिक्क्याची पावती टपाल कचेरीतून घ्यायची. सरकारी शिक्क्यावर तारीख असते, ती ईरण्णाच्या बापाला पुसता येणार नाही.

पहिलं कार्ड नबीलालनं ऐटीत उर्दूत लिहिलं. तो उर्दू चौथी होता आणि त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. बलभीमनं कपाळावर हात मारून घेतला. "आवो, ज्याला वाचायचं त्याला वाचता याया नगं?" मग बलभीमनं दोन ओळी बालबोध मराठीत लिहून दिल्या आणि नबीलाल त्या गिरवू लागला. चौथ्या दिवशी त्याच्या ओळी सरळ येऊ लागल्या. आठव्या दिवशी त्यानं बलभीमचा कागद समोर न ठेवता कार्ड लिहिलं, आणि पोस्टमास्तरनं चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं.

कार्डं सोपी होती. बसणं अवघड होतं. ईरण्णा रोज सकाळी गेटवर चहा मागवायचा आणि पिता पिता मोठ्यानं बोलायचा. गाडीवाल्यांना विचारायचा, "काडीपेटी आहे का रे? नसली तर त्या बाभळीखालच्या माणसाकडून घ्या." गाडीवाले हसायचे. त्यातले निम्मे नबीलालला नावानं ओळखत होते आणि तरी हसायचे, ह्याचा मला अजूनही संताप येतो. नबीलाल मातीकडं बघत बसायचा. दात इतके आवळलेले असत की घरी गेल्यावर भाकरी चावताना जबडा दुखे.

ज्ञानोबा दोन्ही वेळा त्याच्या समोरून जाई. पहिल्या दिवशी तो थबकला. दुसऱ्या दिवशी थबकला नाही. पाचव्या दिवसापासून तो गाड्यांच्या आडून जाऊ लागला. नबीलालला वाटलं, घाबरलाय, दुसरं काय.

सातव्या दिवशी ईरण्णानं चहाचा कप खाली ठेवला आणि बाभळीपर्यंत चालत आला. आवाज मुद्दाम चढवला. "ह्यांचं राज्य गेलं, दहा वर्षं झाली. पण रग गेली नाही. अजून बसलाय बघा नवाब, झाडाखाली दरबार भरवून."

गाडीवाले आपापल्या बैलांमागं सरकले. हे बोलणं कुठं जातं, ते मुरुमात प्रत्येकाला माहीत होतं. दहा वर्षांपूर्वीचे, पोलिस अ‍ॅक्शननंतरचे ते दिवस कुणी उघड बोलत नसे, आणि ह्या माणसानं ते चहा पिता पिता काढले होते. नबीलाल उठून उभा राहिला.  उजवा हात सदऱ्याच्या आत गेला, बिल्ला मुठीत आला, आणि त्यानं हिसका दिला. टाके तटतटले. दोन तुटले. बाकीचे तुटले नाहीत.

दुसरा हिसका देण्याआधी त्यानं श्वास घेतला, आणि त्या श्वासात त्याला ईरण्णाचे डोळे दिसले. ते रागावलेले नव्हते. ते वाट बघत होते.

नबीलालनं मूठ सोडली. "सायेब," तो म्हणाला, "माजा कागद कवा देनार?"

तो परत खाली बसला.  त्या संध्याकाळी तो घरी गेला आणि भिंतीकडं तोंड करून रडला, हे शरिफाबीनं मला फार वर्षांनी सांगितलं. तुटलेले दोन टाके तिनं परत घातले.

बलभीमनं दरम्यान आणखी एक काम केलं होतं. सगळ्या पावत्यांची हकीकत लिहून त्यानं सोलापूरच्या कामगार कचेरीला अर्ज धाडला होता. तिथून मॅनेजरला पत्र आलं. काय लिहिलं होतं कोण जाणे, पण बाराव्या दिवशी श्रीमंतनं धावत येऊन नबीलालच्या हातात एक टाईप केलेला कागद दिला. चार्जशीट. तेलवाला नबीलाल ह्यानं सलग तीन दिवस दुपारच्या थांब्यात झोपा काढल्या, बेअरिंगला तेल घातलं नाही, त्यामुळं आग लागली. पुरावा, इंजिनचं रजिस्टर. साक्षीदार, इंजिनवाला ज्ञानोबा.

नबीलालनं ज्ञानोबाचं नाव स्वतः वाचलं. एकेक अक्षर लावत वाचलं आणि पुन्हा वाचलं.

"थांबाच न्हवता," तो बलभीमला म्हणाला. "रजिस्टरात कुठनं आला?"

"मागनं लिवला. आनि ज्ञानोबाचा आंगठा घेतला."

चौकशी चार दिवसांनी मॅनेजरच्या खोलीत झाली. थांबा नव्हता हे जिनमध्ये सगळ्यांना माहीत होतं, पण ईरण्णाविरुद्ध साक्षीला यायला कुणी तयार नव्हतं. मालकांनी चौकशीसाठी उमरग्याहून एक वकील नेमले होते, वयस्कर, टक्कल पडलेले, सारखी तपकीर ओढणारे. खुर्चीला खुर्ची लावून ईरण्णा बसला. नबीलालनं बलभीमला बरोबर आणलं तर ईरण्णा म्हणाला, "हा कशाला? बाहेर काढा ह्याला." वकिलांनी नियमांचा कागद मागवला, वाचला आणि बलभीमला बसायला सांगितलं. ईरण्णाचा चेहरा पहिल्यांदा उतरला. पण रजिस्टर उघडलं गेलं आणि तो पुन्हा खुलला. तिन्ही दिवस, बारा ते साडेबारा, इंजिन बंद. शेजारी निळा आंगठा.

ज्ञानोबा आत आला. नबीलालकडं न बघता त्यानं भिंतीला सांगावं तसं सांगितलं. थांबा होता. नबीलाल सरकीच्या ढिगावर झोपला होता. आपण स्वतः बघितलं.

"तुम्हाला साक्षीदाराला प्रश्न विचारता येतील," वकील नबीलालला म्हणाले.

नबीलालला प्रश्न सुचेना. नऊ वर्षं ज्याच्याबरोबर भाकरी खाल्ली, त्याला काय विचारायचं असतं? बलभीमनं पुढं होऊन विचारलं, "ज्ञानोबा, ह्ये खरं हाय?"

"व्हय," ज्ञानोबा पुटपुटला.

इथं ईरण्णाची जीभ सुटली. जिंकत आलेल्या माणसाला थांबवत नाही. "वकीलसाहेब, इथल्या लोकांचा कागदापेक्षा देवावर भरवसा. म्हणून मी सोय करून ठेवली आहे." त्यानं टेबलाखालून ताट काढलं. बेलाची पानं आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद. ती हातात उचलून बोललेलं खोटं ठरलं, तर घरादारावर येतं, असं मानणाऱ्यांचा हा मुलूख. "उचल, ज्ञानोबा. उचलून सांग. म्हणजे ह्यांची तोंडं बंद होतील."

"नियमात हे बसत नाही," वकील म्हणाले, पण त्यांनी ताट बाजूला केलं नाही. त्यांनाही बघायचं होतं.

ज्ञानोबाचा हात पुढं झाला. तो हात, इंजिनचं अवजड चाक फिरवणारा, ताटाच्या वीतभर अलीकडं अडला. बलभीम पुढं वाकला. ह्या हाताला ताटापर्यंत पोचू द्यायचं, एवढंच उरलं होतं. तो मोडेल आणि खरं बोलेल, नाहीतर...

"थांबा," नबीलाल म्हणाला. "भंडारा नगं."

"का? भ्यायलास?" ईरण्णा.

"व्हय, भ्यायलो. त्याच्या घरात दोन लेकरं हायती. त्यो आत्ता तुमच्या भ्यानं उचलंल आनि मग जलमभर झोपनार न्हाय. माजी नोकरी गेली तर गेली. ताट उचला सायेब हितनं."

बलभीमनं डोळे मिटून घेतले. हातचं घालवलंस, असंच त्याच्या चेहऱ्यावर होतं. वकिलांनी तपकिरीची डबी बंद केली आणि ताट टेबलाच्या कडेला सारलं. त्यांनी लेखणी उचलली. आता ते शेवट लिहिणार, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

आणि भोंगा झाला. आगीनंतर ईरण्णानं बाराचा थांबा गुपचूप परत सुरू केला होता, आणि ज्ञानोबा आत अडकलेला म्हणून त्याच्या हाताखालच्या पोरानं भोंगा वाजवला. इंजिनची धडधड थांबली. बाहेर बायका उठल्याचा, फडकी सुटल्याचा गलका झाला. गावाच्या बाजूनं शाळेची घंटा ऐकू आली, कारण मुरुमची शाळादेखील जिनच्या भोंग्यावर सुटायची. वकिलांनी सवयीनं घड्याळ काढून बघितलं. ईरण्णानं मनगटावर बघितलं. त्या खोलीत घड्याळ बघणारे तेवढे दोघंच.

नबीलाल हळूच म्हणाला, "सायेब, मला इचारायचंय." मग तो ज्ञानोबाकडं वळला. बारा-पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांची नजर मिळाली. "ज्ञानोबा, त्या तीन दिसांत बाराचा भोंगा वाजविलास का?"

ज्ञानोबानं दाराबाहेर, गावाकडं बघितलं. झोपेबद्दल खोटं बोलता येत होतं. आंगठा मारता येत होता. पण भोंगा सगळ्या गावानं ऐकायचा असतो. तो झाला असं म्हटलं तर गावातलं शेंबडं पोरसुद्धा हसलं असतं.

"भोंग्याचा काय संबंध?" ईरण्णा म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं. मुरुमात दोन-तीन महिने काढून त्यानं हे कधी लक्षात घेतलं नव्हतं की इथं चुली, शाळा, दुकानं सगळं त्या भोंग्यावर चालतं.

वकिलांना मात्र कळलं. त्याच वेळी जिनमध्ये पाणी भरणारी हरणाबाई घागर घेऊन आत आली होती. त्यांनी तिलाच विचारलं, "बाई, आगीच्या आधी तीन दिवस दुपारचा भोंगा झाला होता का?"

"कुठला वो सायेब!" हरणाबाई घागर न उतरवताच सुरू झाली. "आमचा म्हातारा भोंग्याबिगर घास घेत न्हाय. तीन दिस उपाशी बसला आनि मलाच शिव्या घातल्या, स्वैपाक न्हाय केलास म्हनून."

 वकील ज्ञानोबाकडं वळले.

"न्हाय वाजविला," ज्ञानोबा म्हणाला. "इंजनच बंद झालं न्हाय. नबीभाईनं दोनदा सांगितलं व्हतं सायबाला. माज्या म्होरं सांगितलं व्हतं." आणि तो एवढा मोठा माणूस तिथंच खाली बसला.

वकिलांनी लिहिलं ते नबीलालच्या बाजूनं. आरोप सिद्ध होत नाही, कामावर घ्यावं. बलभीमनं तो कागद तीन वेळा वाचून दाखवला. शरिफाबीनं टाके उसवले, सगळे नाही, पण बिल्ला बाहेर काढता येईल इतके. ईरण्णाला मालकांनी काढलं नाही. तशा लोकांना मालक काढत नसतात.

दोन दिवसांनी नबीलाल कामावर परत गेला तर इंजिनाच्या खोलीत एक नवखा माणूस उभा होता, उमरग्याहून आणलेला. ज्ञानोबा कुठं आहे? श्रीमंतनं सांगितलं, चौकशीच्या रात्रीच येऊन बिल्ला माझ्यापाशी देऊन गेला. कुणी मागितला? कुणीच नाही. स्वतःहून दिला. नबीभाईला तोंड कसं दाखवू, म्हणाला.

नबीलालनं बुधली खाली ठेवली. इतक्या दिवसांचा गिळलेला राग त्याला तिथं आला, आणि तो ईरण्णावर आला की ज्ञानोबावर, हे त्यालाही सांगता आलं नसतं. तो सरळ मॅनेजरच्या खोलीत गेला. पायताण न काढता गेला.

"खालच्या गल्लीत मी आज उतरनार न्हाय."

"पुन्हा सुरू झालं?" ईरण्णा म्हणाला. "आता काय? थांबा दिलाय ना?"

"इंजनवाला बदललाय. मी खाली असताना ज्याच्या हातात चाक असतंय, त्या मानसावर माजा भरवसा पायजे. ज्ञानोबाला बलवा."

ईरण्णा थक्क झाला. ह्या वेळी त्याचं आश्चर्य खोटं नव्हतं. "अरे, तुझ्याविरुद्ध साक्ष दिली त्यानं! देवाचं ताट उचलायला निघाला होता. त्याच्यावर भरवसा?"

"त्यो माज्याइरुद्ध खोटं बोलला," नबीलाल म्हणाला. "पन नऊ वर्सं मी खाली असताना त्यानं चाकाला हात लावला न्हाय."

बाहेर कापसाच्या गाड्या सडकेपर्यंत उभ्या होत्या आणि तेलवाल्याशिवाय शाफ्ट चालवण्याची हिंमत आता ईरण्णात नव्हती.  मग त्यानं श्रीमंतला ज्ञानोबाच्या घरी पाठवलं. नवखा माणूस दुपारच्या मोटारीनं परत गेला.

ज्ञानोबा आला तो मान खाली घालून.  बाराला इंजिन थांबलं, नबीलाल गल्लीत उतरला, सगळ्या बेअरिंगांना तेल घालून अर्ध्या तासानं वर आला आणि इंजिनाजवळ जाऊन उभा राहिला. ज्ञानोबानं त्याच्याकडं बघितलं. तो समोर उभा होता, दिसत होता, तरी ज्ञानोबानं चाकाला हात लावला नाही. तो पायऱ्या उतरून स्वतः खाली गेला, वाकून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी गल्ली बघून आला, आणि मग इंजिन चालू केलं. ज्ञानोबा खाली असेपर्यंत नबीलाल चाकापाशीच उभा होता.